उलट टपाली

आजोळी, मिरजेला, माजघराच्या दारामागे एक तार टांगलेली असायची. खाली लाकडाची चकती, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. आलेलं पत्र आजोबा त्या तारेत मधोमध टोचून ओवायचे. पण त्याआधी पत्राच्या कोपऱ्यात शाईने बारीक तारीख घालायचे. ती उत्तर धाडल्याची तारीख. तारीख पडल्याशिवाय पत्र तारेत जायचं नाही. तोवर ते कोनाड्यातल्या घड्याळाखाली दाबलेलं राहायचं. कुणी गेल्याची बातमी आणणारं कार्ड तेवढं वाचल्याबरोबर फाडलं जायचं. ते घरात ठेवत नसत. दोन-तीन वर्षांनी तार गच्च भरली, की जुनी पत्रं बंबात जायची आणि तार पुन्हा मोकळी व्हायची.

यंदाच्या अंकाचा विषय ‘टपाल’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी फ्रान्सिस डार्विन यांनी आपल्या वडिलांबद्दल लिहिलेल्या आठवणी वाचत होते. त्या आठवणींत आजोबांची तार मला पुन्हा भेटली. चार्ल्स डार्विन आलेली पत्रं लांब सुयांना टोचून ठेवत. अशा सुया त्यांच्याकडे मोजक्याच होत्या. सगळ्या भरल्या, की काही वर्षांची पत्रं ते जाळून टाकत आणि त्याच सुया नव्या पत्रांसाठी वापरत. १८६२ च्या आधी त्यांना आलेली बहुतेक पत्रं अशीच गेली. पुढे कुणीतरी त्यांचं मन वळवलं, आणि महत्त्वाची पत्रं राखून ठेवली जाऊ लागली. त्यामुळे त्यांच्या उतारवयाचं टपाल आज आपल्याला दोन्ही बाजूंनी वाचता येतं: विचारणाऱ्याचंही आणि उत्तर देणाऱ्याचंही.

शाळेच्या पुस्तकात डार्विन भेटतात ते जहाजावर. ‘बीगल’ची ती सफर १८३६ मध्ये संपली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ते ब्रिटनबाहेर गेले नाहीत. तब्येत तोळामासा, प्रवास नकोसा, माणसांच्या गर्दीत तासभर बसलं तरी रात्री झोप उडायची. तरीही ब्राझीलच्या वेली, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे टोळ, कलकत्त्याची गांडुळं आणि नगर जिल्ह्यातल्या माणसांचे चेहरे त्यांच्या पुस्तकांत आले, ते टपालाच्या पिशवीतून. हे कसं होत असे, ते पाहायला मी त्यांच्या घरी गेले.

खुर्चीच्या हातांवरची फळी

गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे लंडनला मुक्काम होता. ब्रॉम्लेहून सुटणारी बस अर्ध्या तासात शहर मागे टाकते आणि कुंपणांच्या अरुंद गल्ल्यांतून, पूर्वी केंटमध्ये मोडणाऱ्या एका खेड्यात येऊन थांबते. खेड्याचं नाव डाऊन, घराचंही डाऊन. १८४२ च्या सप्टेंबरात डार्विन आणि त्यांची पत्नी एमा इथे राहायला आले, आणि चाळीस वर्षांनी, १९ एप्रिल १८८२ ला, डार्विन इथेच वारले.

अभ्यासिका तळमजल्यावर आहे. शेकोटीच्या वर तीन चित्रं: भूगर्भशास्त्रज्ञ लायेल, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आणि डार्विनचे आजोबा जोसाया वेजवुड. खाली चाकं लावलेली एक उंच, काळी खुर्ची. खिडकीबाहेर पूर्वी एक लहान आरसा लावलेला असे. घराकडे कोण येतंय ते खुर्चीतून उठल्याशिवाय दिसावं म्हणून. मी त्या खुर्चीपुढे बराच वेळ उभी राहिले. जगातली इतकी माहिती ज्या जागी येऊन पोचली, ती जागा आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू वकिलाच्या खोलीएवढीच आहे.

दिवसाचा क्रम फ्रान्सिसने बारकाईने नोंदवला आहे. पहाटे फिरून येऊन पावणेआठला न्याहारी. आठ ते साडेनऊ कामाची सगळ्यात चांगली वेळ. साडेनऊला बैठकीच्या खोलीत टपाल. त्या दिवशी पत्रं थोडी असली तर त्यांना हायसं वाटे. घरच्या माणसांची पत्रं कोचावर आडवं होऊन ऐकायची, जमलं तर कादंबरीची चार पानं, आणि साडेदहाला पुन्हा काम. दुपारचं जेवण आणि वर्तमानपत्र झालं, की पत्रं लिहायची बैठक.

घोड्याच्या केसांनी भरलेल्या मोठ्या खुर्चीत, शेकोटीजवळ ते बसत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायची आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायचं. लांबलचक पत्र असलं तर आधी कच्चा खर्डा होई. तो जुन्या हस्तलिखितांच्या किंवा छापखान्यातून आलेल्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूवर. कोरा कागद खर्ड्यासाठी खर्ची घालणं त्यांच्या जिवावर येई. अक्षर असं, की घरच्यांनाही लागता लागत नसे. मग एमा, एखादी मुलगी, आणि शेवटच्या वर्षांत फ्रान्सिस तो खर्डा ऐकून स्वच्छ उतरवून काढत. परदेशी माणसाला पत्र जाणार असलं, तर अक्षर जरा नीट काढ, अशी सूचना लिहिणाऱ्याला हमखास मिळे. परक्या भाषेत वाचणाऱ्याला आपल्या अक्षराचा आणखी त्रास नको, ही त्यामागची काळजी.

तीनच्या सुमाराला पत्रं संपत. मग झोपायच्या खोलीत कोचावर पडून सिगारेट ओढत कादंबरी ऐकायची. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. जानेवारी १८७६ मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विनने त्या डावांचा हिशेब कळवला आहे: एमा २,४९० डाव जिंकली, आपण २,७९५. वनस्पतींवरच्या पत्रात हा मजकूर सहज येऊन बसतो. त्यांच्या पत्रांत शास्त्र आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती. एकदा त्यांच्या लेनर्ड या मुलाला ताप आला होता आणि त्याला तिकिटं जमवायचा नाद होता. तेव्हा याच एसा ग्रेंकडे अमेरिकेची तिकिटं मागितली गेली आणि ती आलीही.

एका पेनीचा पसारा

हा सगळा उद्योग चालला तो स्वस्त टपालाच्या जिवावर. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसाचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. त्याआधी टपालहशील अंतरावर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. अनोळखी माणसाला पत्र लिहिणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं होतं. पेनीच्या तिकिटाने तो संकोच संपवला. घोडे पाळणारा, कबुतरांचा शौकीन, माळी, कारखानदार यांपैकी कुणालाही ओळखदेख नसताना प्रश्न विचारायची सोय झाली, आणि त्यांनाही डार्विनला विचारायची.

१ ऑक्टोबर १८७० ला अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं. दोन ओळींच्या पोचपावतीला आणि एका ओळीच्या प्रश्नाला याहून सोयीचं काही नव्हतं. आपल्याकडे पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं, कार्ड १८७९ मध्ये आलं. १८७४ मध्ये बर्न शहरात देशोदेशींचा टपाल करार झाला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात सामील झाला. डार्विनच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत टपालाचं जाळं असं भराभर विणलं जात होतं आणि ते त्यातून हवं ते ओढून घेत होते.

टपालातून नुसते शब्द येत नसत. अल्फ्रेड न्यूटन यांनी तितराच्या जातीच्या एका पक्ष्याचा पाय पाठवला. पायाला साडेसहा औंस मातीचा गोळा घट्ट चिकटलेला होता. गोळा तीन वर्षांचा जुना, वाळून दगड झालेला. डार्विनने तो फोडला, भिजवला, काचेच्या हंडीखाली ठेवला, आणि त्यातून ८२ रोपं उगवली. पक्ष्यांच्या पायांना लागून बिया कुठल्या कुठे जाऊ शकतात, हे त्या एका पार्सलाने दाखवलं. नाताळहून वील नावाच्या गृहस्थांनी टोळांच्या विष्ठेच्या वाळलेल्या गोळ्या पाकिटात घालून धाडल्या. त्यातल्या बियांपासून गवताची सात रोपं डाऊनच्या घरात वाढली. लंडनजवळच्या क्यू इथल्या सरकारी वनस्पती उद्यानातून तर कुंड्या, कंद आणि वेली यांची ये-जा बारमाही असे.

प्रश्न विचारायची रीत

त्यांची पत्रं ओळीने वाचत गेलं, की एक घडी ध्यानात येते. आधी तसदीबद्दल क्षमा. मग आपल्याला हे का हवंय, ते दोन वाक्यांत. मग अगदी नेमका, मोजता येईल असा प्रश्न. आणि शेवटी, तुमच्याशिवाय हे दुसरं कुणी सांगू शकणार नाही, ही मनापासूनची कबुली. प्रश्न इतका लहान असे, की समोरच्याला तो आपल्या अंगणात उभं राहून सोडवता यावा. मोठा विचार डाऊनमध्ये, लहान प्रश्न जगभर, अशी ती वाटणी होती.

न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट घरच्या घरी कीटकभक्षी वनस्पती वाढवून त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत. दवबिंदू आणि पाण्यातली युट्रिक्युलेरिया यांच्यावर डार्विन काम करत होते, तेव्हा या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. युट्रिक्युलेरियाच्या मोहरीएवढ्या पिशव्यांत किडे कसे अडकतात, ते ट्रीट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. १८७५ च्या ‘कीटकभक्षी वनस्पती’ या पुस्तकात डार्विनने त्यांची निरीक्षणं त्यांच्या नावानिशी घेतली. कास पठारावर भाद्रपदात जांभळा गालिचा पसरतो ती ‘सीतेची आसवं’ याच युट्रिक्युलेरियाची एक जात, आणि तिथेच ओल्या कातळालगत चमचमणारा दवबिंदू हाही डार्विनच्या कुंडीतल्या रोपाचा सख्खा नातेवाईक. पुढच्या वेळी कासला वाकून पाहाल, तेव्हा टपालाने जोडलेली ही दोन टोकं जरूर आठवा.

चूक दाखवणारं पत्र आलं, तर काय होत असे? जॉन स्कॉट हा एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातला साधा माळी. १८६२ मध्ये त्याने डार्विनना पहिलं पत्र लिहिलं, ते त्यांच्या ऑर्किडवरच्या पुस्तकातली एक चूक दाखवण्यासाठी. डार्विन खूश झाले. त्यांनी त्याला प्रयोग सुचवले, त्याचे निबंध छापून यावेत म्हणून खटपट केली. एडिंबरोची नोकरी सुटल्यावर तो हिंदुस्थानात निघाला, तेव्हा प्रवासाचा खर्चही त्यांनी उचलला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा तो पुढे क्युरेटर झाला आणि १८८० मध्ये वारला, तोवर डार्विनना इथली माहिती पुरवत राहिला.

शेवटचं पुस्तक गांडुळांवरचं, १८८१ मधलं. त्यासाठी त्यांनी सगळं घर कामाला लावलं होतं. फ्रान्सिसने गांडुळांपुढे बासून हे वाद्य वाजवलं, एमाने पियानो. गांडुळांना ऐकू येतं का, हे पाहायला. भाच्यांनी उतारावर मोजमापं केली. कलकत्त्याच्या उद्यानाचे अधीक्षक डॉ. जॉर्ज किंग यांच्याकडून तिथल्या गांडुळांनी उभारलेले मातीचे मनोरे आले. बोटभर उंचीच्या त्या मनोऱ्यांपैकी एकाचं चित्र पुस्तकात छापलेलं आहे. निलगिरीच्या उंचावरचे नमुनेही आले. पावसाळ्यानंतर आपण ज्या ढिगांवर सहज पाय देतो, ते तोलायला आणि मोजायला एक म्हातारा माणूस सात समुद्रांपलीकडे तराजू घेऊन बसला होता.

नगर जिल्ह्यातून आलेलं उत्तर

१८६७ च्या सुमारास डार्विनने १६ प्रश्नांचा एक कागद तयार करून छापून घेतला आणि जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, प्रवाशांना धाडला. आश्चर्य वाटलं की तुमच्याकडची माणसं डोळे आणि तोंड उघडतात का? भुवया वर जातात का? लाजेने चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकारासाठी मान वर-खाली आणि नकारासाठी आडवी हलते का? बरोबर एक ताकीदही होती: समोर पाहून लिहा, आठवणीवर भिस्त ठेवू नका, ती फसवते. वेगवेगळ्या निरीक्षकांकडून ३६ उत्तरं आली. भावना आणि चेहरे यांच्यावरचं त्यांचं १८७२ चं पुस्तक या उत्तरांच्याही आधाराने उभं आहे. राग, भीती, आनंद यांचे चेहरे सगळ्या माणसांत सारखे असतील, तर सगळी माणसं एकाच मुळातून आलेली आहेत, हा त्यातला विचार.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत अहमदनगर जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं, नाव वाचून मी थबकले. एच. अर्स्किन नावाचे इंग्रज गृहस्थ तिथे राहत असताना त्यांनी लोकांचे चेहरे निरखायचा प्रयत्न केला. कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून माहिती मिळवली, काही जाणत्या एतद्देशीय गृहस्थांनाही विचारलं. पण खात्रीलायक असं फारसं हाती लागलं नाही, कारण युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या मनातलं सारं चेहऱ्याआड लपवतात, असं त्यांनी कळवलं.

ही नोंद मी किती वेळा वाचली असेल! दुष्काळी मुलूख, १८५७ ला जेमतेम दहा वर्षं झालेली, आणि समोर खुर्चीत बसलेला साहेब आपल्या चेहऱ्याकडे टक लावून पाहतो आहे. सारा माफ करतो की वाढवतो, तुरुंगात धाडतो की सोडतो, हे त्या खुर्चीवर अवलंबून. अशा वेळी आपल्या खापरपणजोबांनी चेहरा कोरा ठेवला, यात नवल ते काय! डार्विनचा प्रश्न भावनेचा होता; नगरच्या माणसांनी न बोलता सत्तेचं उत्तर दिलं. आणि डार्विनने ते उत्तर जसंच्या तसं छापलं, आपल्या मांडणीत बसवण्यासाठी घासूनपुसून घेतलं नाही, याचं मला मोल वाटतं.

पण या पत्रव्यवहाराची उणी बाजूही इथेच दिसते. अर्स्किन यांचं नाव छापलं गेलं, वेस्ट यांचं छापलं गेलं, त्या ‘जाणत्या एतद्देशीय गृहस्थां’ची नावं राहून गेली. स्कॉटच्या उद्यानात राबणाऱ्या ज्या माणसांचे चेहरे निरखून त्याने सविस्तर माहिती पाठवली, आणि ती डार्विनना सर्वांत मोलाची वाटली, त्या माळ्यांचीही नावं नाहीत. पेनीचं तिकीट ज्याला लावता येत होतं, इंग्रजीत ज्याला लिहिता येत होतं, त्याचंच नाव पुस्तकापर्यंत पोचलं.

वाद घालणारे, मागणारे

साठी उलटली तसं टपाल वाढत गेलं. कुणाला सही हवी, कुणाला छायाचित्र. फेब्रुवारी १८७७ मध्ये, अडुसष्टाव्या वाढदिवसाला, जर्मनीतून आणि हॉलंडमधून चाहत्यांच्या छायाचित्रांचे दोन जाडजूड संग्रह आले. डचांच्या संग्रहात २१७ चेहरे. त्यांचे आभार पत्रानेच मानायचे. कंटाळवाण्या पत्रांना पाठवायला म्हणून डार्विनने एक छापील मजकूर करून घेतला होता, पण तो क्वचितच वापरला. अगदी वेडगळ पत्रालाही उत्तर गेलं नाही, तर ते त्यांच्या मनाला रात्री टोचत राही, असं फ्रान्सिस सांगतो.

देवाबद्दल विचारणारी पत्रं सर्वांत अवघड. नोव्हेंबर १८८० मध्ये एका तरुण वकिलाने विचारलं, की बायबलवर तुमचा विश्वास आहे की नाही, एवढंच हो किंवा नाही सांगा. पत्र जाहीर करणार नाही. डार्विन अशा प्रश्नांना सहसा बगल देत. एमा श्रद्धाळू होती आणि तिला दुखवणं त्यांना नको होतं. या पत्राला मात्र त्यांनी लगेच स्पष्ट उत्तर लिहिलं: बायबल ही ईश्वरी वाणी आहे असं आपण मानत नाही. त्या वकिलाने शब्द पाळला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो छोटासा कागद १,९७,००० डॉलरना गेला.

आपल्याकडच्या भाषणांत अजूनही एक गोष्ट ऐकू येते, की मार्क्सने ‘भांडवल’ डार्विनना अर्पण करायचं ठरवलं आणि त्यांनी नकार दिला. ही समजूत पत्रांच्या घोळातून झाली. मार्क्सने १८७३ मध्ये आपला ग्रंथ भेट पाठवला, डार्विनने आभाराचं पत्र लिहिलं, एवढं खरं. अर्पणपत्रिकेला नकार देणारं १८८० चं पत्र होतं एडवर्ड एव्हलिंगला. तो पुढे मार्क्सच्या मुलीबरोबर राहू लागला, आणि दोघांच्या कागदांची सरमिसळ होऊन ते पत्र मार्क्सच्या नावावर चढलं. १९७० च्या दशकात संशोधकांनी हा गुंता सोडवला.

आणि एक पत्र असं, की ते वाचताना डार्विनबद्दलचा माझा आदर थोडा हलतो. डिसेंबर १८८१ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिन केनर्ड यांनी विचारलं: बायकांची बुद्धी निसर्गतःच कमी, असं सांगणारी माणसं तुमच्या पुस्तकाचा आधार घेतात, हे खरं का? डार्विनने जानेवारीत उत्तर दिलं, की नीतीने स्त्रिया पुरुषांहून सरस असल्या तरी बुद्धीने त्या उण्या आहेत असं आपल्याला वाटतं. केनर्ड यांनी महिन्याभरात खणखणीत जबाब पाठवला. आधी स्त्रियांना पुरुषांएवढी संधी द्या, मग बुद्धीचं माप काढा, हा त्याचा सारांश. मेरी ट्रीट यांच्या निरीक्षणांवर विसंबणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचं वाईट वाटतं. पण केनर्ड यांचं ते पत्रही राहिलं, आणि आज आपण दोन्ही शेजारी ठेवून वाचू शकतो, हेही तितकंच खरं.

देणं

उत्तर देणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसता मजकूर धाडणं नव्हतं. नैसर्गिक निवडीचा विचार स्वतंत्रपणे सुचलेले आल्फ्रेड रसेल वॉलेस उतारवयात पैशाच्या ओढाताणीत असल्याचं अॅराबेला बकली यांच्याकडून कळलं. डार्विनने हक्स्लेसारख्या मित्रांना गाठलं, अर्ज तयार केला, मान्यवरांच्या सह्या मिळवल्या आणि तो पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याकडे धाडला. जानेवारी १८८१ मध्ये वॉलेस यांना वर्षाला २०० पौंडांचं निवृत्तिवेतन मंजूर झालं. बेलफास्टचे जेम्स टॉर्बिट करप्याला दाद न देणारा बटाटा काढायच्या खटाटोपात होते. आयर्लंडचा दुष्काळ त्याच रोगाने ओढवला होता. डार्विनने त्यांच्यासाठी स्वतः पैसे दिले आणि मित्रांकडूनही गोळा केले, तेही पत्रं लिहूनच.

हूकर आणि डार्विन यांच्यातली पत्रं चौदाशेच्या वर भरतात. १८८१ च्या उन्हाळ्यात, तळ्याकाठी विश्रांतीला गेले असताना, डार्विनने या जुन्या मित्राला लिहिलं, की नवं काम हाती घ्यायला आता ना जोर उरला, ना उमेद; डाऊनचं स्मशान हीच जगातली सगळ्यात गोड जागा वाटते. त्याच सुमारास त्यांनी हूकरच्या हवाली एक काम केलं: जगातल्या सगळ्या फुलझाडांच्या शास्त्रीय नावांची एकच सूची व्हावी, खर्च आपण देऊ. ती ‘इंडेक्स क्यूएन्सिस’ त्यांच्या मागे झाली, आणि तिच्यात सह्याद्रीतल्या झाडांचीही नावं आहेत. आयुष्यभर पत्रांतून रोपांची नावं विचारत आलेल्या माणसाची ही परतफेड होती.

पाणकिड्याच्या पायाला शिंपला

१८ फेब्रुवारी १८८२. नॉर्थॅम्प्टनचा वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक, जोड्यांच्या धंद्यातला तरुण, सवडीने शिंपले जमवणारा. त्याला तळ्यात एक मोठा पाणभुंगा सापडला. भुंग्याच्या पायाला एक चिमुकला शिंपला चिमट्यासारखा घट्ट बसलेला. क्रिकने डार्विनना पत्र लिहिलं.

डार्विनची छाती तेव्हा दुखत होती. सँडवॉक नावाच्या आपल्या लाडक्या पायवाटेवरची रोजची फेरी लवकरच बंद पडणार होती. तरी तीन दिवसांत उत्तर गेलं, आणि उत्तरात प्रश्न होते: भुंग्याची लांबी किती? शिंपल्याची रुंदी किती? कुठल्या पायाला? किती वेळ चिकटून राहिला? क्रिकने भुंगा आणि शिंपलाच टपालाने धाडून दिले. पार्सल उघडलं, तर भुंगा अजून धुगधुगत होता. त्याचे हाल डार्विनना पाहवले नाहीत. लॉरेलची पानं चिरून बाटलीत घातली, त्या पानांच्या वाफेने तो लवकर आणि शांतपणे सुटावा म्हणून, आणि त्यांनी तसं क्रिकला कळवलं.

तळ्यातला शिंपला दुसऱ्या तळ्यात कसा पोचतो, हा त्यांच्या तेवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला प्रश्न. उडता भुंगा त्याला पायाला बांधून नेतो, ही त्याची एक वाट. ६ एप्रिल १८८२ च्या ‘नेचर’मध्ये डार्विनचं टिपण आलं. त्यात क्रिकचं नाव, तारीख, शिंपला पाच दिवस चिकटून होता ही नोंद, सगळं आहे. डार्विनचं हयातीत छापलेलं ते शेवटचं लेखन. तेराव्या दिवशी ते गेले. क्रिकच्या नातवाने, फ्रान्सिस क्रिकने, पुढे डीएनएची रचना शोधण्यात वाटा उचलला. पण मला थोरवी दिसते ती आजोबांना आलेल्या त्या उत्तरात: जोडे बनवणाऱ्याला पत्राची पोच तर मिळालीच, शिवाय मोजमापाचं कामही मिळालं.

डार्विनना आलेली आणि त्यांनी लिहिलेली सुमारे १५,००० पत्रं आज ठाऊक आहेत. पत्र लिहिणारे-घेणारे दोन हजारांच्या घरात. १९७४ मध्ये फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी ती गोळा करून छापायला घेतली. पहिला खंड १९८५ मध्ये आला, तिसावा आणि शेवटचा २०२३ मध्ये. ज्यांनी काम सुरू केलं, त्यांनी ते पुरं झालेलं पाहिलं नाही. सगळी पत्रं केंब्रिजच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पुण्यात, रात्री जेवणं आटोपल्यावर, मी त्यातलीच वाचत होते.

माझ्या टेबलावरच्या घड्याळाखालीही एक पत्र होतं. कणकवलीजवळच्या एका शिक्षकांनी आठ महिन्यांपूर्वी पाठवलेलं, सोबत करंजाचं एक पान. पानावर लहान लहान फोड आलेले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं होतं. नक्की सांगता येईना, म्हणून मी लिहिलंच नव्हतं. हा लेख पुरा करायच्या आदल्या रात्री कार्ड घेतलं आणि लिहिलं: उशिराबद्दल क्षमा असावी. हे बहुधा एखाद्या बारीक किड्याचं किंवा कोळ्याचं घर असावं. मुलांना घेऊन त्याच झाडाची दहा पानं उन्हाच्या बाजूची आणि दहा सावलीतली पाहाल का? फोड कुठल्या बाजूला जास्त आहेत, आणि पानाच्या वर आहेत की खाली, एवढं मोजून कळवा. तुमच्याशिवाय हे मला दुसरं कोण सांगणार?

मग त्यांच्या पत्राच्या कोपऱ्यात तारीख घातली.